वारा उठायच्या आत

देवबागच्या होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी फोन करून ‘उद्या दहाला आम्ही येतो’ असं सांगितलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दहा नको, सातला या.’ सुट्टीवर आलेल्या माणसाला हे रुचत नाही. मुलं उठायची असतात, घावणे-चटणीचा नाश्ता व्हायचा असतो. पण त्या ‘सात’मागचा आग्रह होडीवाल्याचा नसतोच. तो वाऱ्याचा असतो, तिथीचा असतो आणि कर्ली नदीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूचा असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती असा जो किनारा पसरला आहे, तो आठ-दहा माणसांच्या होडीतून पाहायचा तर दिवसाचं वेळापत्रक या तिघांकडून घ्यावं लागतं. मला या सहलीचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे ते याचंच. समुद्र नुसता बघायचा नसतो, त्याच्या वेळा पाळायच्या असतात, आणि पाळल्या की तो कितीतरी जास्त दाखवतो.

वाऱ्यापासून सुरुवात करू. मतलई वारे आणि खारे वारे आपण शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. देवबागच्या किनाऱ्यावर त्यांची रोजची पाळी चालते. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत संथ. रात्रभर निवलेल्या जमिनीवरची जड, गार हवा पहाटे समुद्राकडे सरकते. हा मतलई वारा. तो किनाऱ्यावरून पाण्यावर उतरतो, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्यात लाट उठवायला त्याला अंतरच मिळत नाही. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून आला. पहाटे या तिन्ही गोष्टी होडीच्या बाजूने असतात. म्हणून नोव्हेंबरपासूनच्या कोरड्या महिन्यांत सकाळी सात-साडेसातला किनाऱ्याजवळचा समुद्र तळ्यासारखा पडलेला दिसतो.

दहा-अकरापर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि जागा भरायला समुद्रावरची हवा आत येऊ लागते. आधी पाण्यावर बारीक शहारे दिसतात, मग तास-दीड तासात वायव्येकडून चांगला वारा सुरू होतो. हा मोकळ्या अरबी समुद्रावरून आलेला असतो, त्यामुळे लाट उठवायला त्याच्याकडे हवं तेवढं अंतर असतं. दुपारी दोन वाजता त्याच पाण्यावर पांढरे फेस फुटत असतात आणि पुढच्या फळीवर बसलेला माणूस चिंब भिजतो. फेब्रुवारीनंतर हा वारा अधिक जोर धरतो. होडीवाला सकाळी सातचा हट्ट धरतो तो या चार तासांच्या शांततेसाठी. फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार मात्र खरी आहे: किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी कडे सावलीत असतात आणि उजेड त्यांच्यावर येईपर्यंत परतायची वेळ होते. दोन्ही मिळत नाही. मला विचाराल तर मी शांत पाणी निवडेन, कारण त्या पाण्यावर दूरवर उठलेला एक पंखसुद्धा दिसतो.

दुसरी गोष्ट तिथी. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे आणि तो अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, पहाटे आणि संध्याकाळी. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हा हिशेब जमतो याचं कारण चंद्र आहे. चंद्र रोज आधीच्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरते. पंधरा तिथींत मिळून सुमारे बारा तासांचा फरक पडतो आणि चक्र पुन्हा जुळतं. प्रत्येक बंदराचा त्यात थोडा पुढेमागे फरक असतो, आणि नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत मिळतात. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून सहलीचा दिवस ठरवता येतो हे मुंबई-पुण्याच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

भरतीची उंचीही किनाऱ्याप्रमाणे बदलते. खंभातच्या आखातात भावनगरजवळ उधाणाच्या भरतीला पाणी दहा मीटरच्या वर चढतं, मुंबईला पाच मीटरच्या आसपास, आणि मालवण-गोव्याकडे येईपर्यंत हा चढउतार दोन मीटरच्या घरात येतो. उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ खूप रुंद आहे आणि आखात निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी तिथे दाटीवाटीने वर चढतं. सिंधुदुर्गात ते शांतपणे येतं आणि जातं. दोन मीटर म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण कर्लीच्या तोंडाशी तेवढ्यावरच सगळं ठरतं.

देवबाग हे गाव म्हणजे वाळूची एक लांब, चिंचोळी जीभ आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मध्ये माड आणि घरं. काही ठिकाणी एका बाजूच्या लाटेचा आवाज ऐकत दुसऱ्या बाजूच्या पाण्यापर्यंत चालत दोन-चार मिनिटांत जाता येतं. ही जीभ उत्तरेला तारकर्लीशी जोडलेली आहे आणि तिचं टोक दक्षिणेला. लाटा किनाऱ्यावर सरळ न येता तिरक्या आल्या की प्रत्येक लाट वाळूचे कण थोडे पुढे ढकलते आणि मागे जाताना सरळ खाली ओढते. असं करोडो वेळा झालं की वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाते. नदीच्या तोंडाशी ती साचते, नदीला वळवते. सह्याद्रीतून उतरलेली कर्ली म्हणूनच थेट समुद्राला भेटत नाही. देवबागच्या मागून दक्षिणेकडे वळून ती भोगव्याच्या डोंगरापाशी बाहेर पडते. या भेटीच्या जागेला गावात संगम म्हणतात.

ज्या वाळूने हे गाव घडवलं तीच वाळू समुद्र परत मागतो. देवबागची धूप हा तिथल्या लोकांचा जुना आणि खरा घोर आहे. पावसाळ्यात लाटा माडांच्या मुळांपर्यंत येतात आणि दगडी बंधाऱ्याची मागणी पुन्हा पुन्हा होते. बंधारा मागची जमीन राखतो, पण त्याच्यावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू अधिक खोदते, म्हणजे घर वाचवताना पुळण जाते. होडीतून संगमाकडे जाताना हा सगळा पेच डोळ्यांसमोर उलगडतो: डावीकडे खाडीत नव्याने वर आलेले वाळूचे पट्टे, उजवीकडे खचलेला काठ. त्यातल्या एका पट्ट्याला आता सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी ती वाळू वर आली असं गावात सांगतात. आज तिथे जलक्रीडेची गर्दी असते, आणि भरतीला पट्ट्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो.

संगमाच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो आणि दरवर्षीच्या पावसाळ्यानंतर तो थोडा सरकलेला असतो. उथळ पाण्यात आली की लाट मंदावते, मागचं पाणी तिच्या अंगावर येतं, ती उंच होते आणि खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास उतरली की फुटते. म्हणून बाहेरचा समुद्र शांत असतानाही या जागी फेस दिसतो. आता यात ओहोटी आणि वारा मिळवा. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी या चिंचोळ्या तोंडातून बाहेर धावतं. समोरून खारा वारा लाटा आत ढकलत असतो. प्रवाह आणि लाट समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. होडीला त्यांच्यावर चढायला जागा मिळत नाही, ती आपटते. द्वादशीच्या दिवशी भरती नऊला, म्हणजे ओहोटीची ओढ सगळ्यात जास्त बाराच्या सुमाराला आणि वाराही नेमका तेव्हाच उठलेला. अशा दिवशी अनुभवी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, अकराच्या आत खाडीत शिरतो. पंचमीला उलट: भरती पावणेचारला, ओहोटी दहाच्या आसपास, त्यामुळे सकाळी निघताना ओहोटीचं पाणी होडीला बाहेर नेतं आणि तेव्हा वारा नसल्यामुळे लाट चढत नाही, दुपारी परत येताना भरतीचं पाणी आपल्याच दिशेने वाहत असतं. एवढा विचार त्या ‘सातला या’ या दोन शब्दांत असतो.

इथे होडी लहान असण्याला अर्थ येतो. बहुतेक होड्या फायबरच्या, मागे लटकणारं आउटबोर्ड इंजिन असलेल्या. तळ जेमतेम दोन वीत पाण्यात बुडलेला असतो. इंजिन वर उचललं की गुडघाभर पाण्यातही ती पुढे सरकते आणि पुळणीवर नाक टेकते. मोठी बोट संगमाची वाळू ओलांडू शकत नाही, कड्याच्या पायथ्याशी जाऊ शकत नाही, भोगव्याला उतरवू शकत नाही. ती लांबून दाखवते.

उथळ पाण्याची हीच विद्या मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दगडाने मांडलेली आहे. किल्ला देवबागच्या सहलीच्या वाटेवर येत नाही, तो मालवणच्या धक्क्यावरून वेगळ्या होडीने पाहायचा. पण आदल्या दिवशी पाहून घ्यावा असं मी आग्रहाने म्हणेन. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन काम सुरू झालं. त्या खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. पायात शिसं ओतून तटाचे दगड बसवले गेले आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. त्याचं अर्धं बळ तटात असेल, तर अर्धं भोवतालच्या पाण्यात आहे. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची दाट पेरणी आहे. आतल्या वाटा ठाऊक असलेला कोळी उथळ होडीतून दरवाजापर्यंत येऊ शकत होता. खोल तळाच्या, तोफांनी भरलेल्या विलायती जहाजाला तिथे फिरकणं कठीण होतं. महादरवाजाही तटाच्या वळणात असा दडवला आहे की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आत आहेत. आजही किल्ल्यावर जाणारी होडी सरळ रेषेत जात नाही. वळसा घेत जाते आणि चालवणारा पुढे बघण्याऐवजी बाजूच्या पाण्याचा रंग बघत असतो. तिकडे लक्ष ठेवावं.

संगम ओलांडून होडी दक्षिणेला वळली की किनारा वाचता येऊ लागतो. रस्त्याने जाणाऱ्याला एकेक पुळण सुटी सुटी भेटते. गाडी घाट उतरते, पुळण येते, पुन्हा चढते. पाण्यावरून मात्र त्यांचा क्रम एका दृष्टीत येतो: डोंगराचं नाक, आत वळलेली पुळण, पुन्हा नाक, पुन्हा पुळण. भोगवे, निवती, पुढे खवणे, केळूस. हे असं का? लाट किनाऱ्याजवळ येताना उथळ तळामुळे वळते. पुढे आलेल्या नाकांभोवती लाटा तिन्ही बाजूंनी एकवटतात आणि तिथला खडक फोडतात. आत गेलेल्या बाकात त्याच लाटा पसरतात, थकतात आणि वाळू टाकतात. म्हणजे नाकांचा चुरा आणि नद्यांनी आणलेला गाळ मिळून पुळणी बनल्या आहेत. नाकाच्या अगदी जवळून होडी नेली तर लाट खडकाच्या कपारीत शिरून बाहेर हवा फेकते तो दबका धमाका ऐकू येतो. मोठ्या बोटीतून हा आवाज कानावर पडत नाही.

कड्यांच्या माथ्यावर जांभा आहे. उष्ण, पावसाळी हवामानात मूळ खडकातलं विरघळणारं सगळं पावसाने हजारो-लाखो वर्षं धुऊन नेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली. लोहामुळे तांबडा रंग. हवा लागून वरचा थर कठीण कवचासारखा होतो, त्याच्या खाली मात्र मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. समुद्राने खालचा मऊ भाग पोखरला की वरचं कवच अधांतरी राहतं आणि एक दिवस घराएवढा तुकडा सुटून पाण्यात पडतो. होडीतून असे पडलेले चिरे कड्याच्या पायथ्याशी स्पष्ट दिसतात. निवतीच्या बाजूला एक पिवळट-सोनेरी खडकांचा भाग आहे, त्याला सगळे ‘गोल्डन रॉक’ म्हणतात. नाव पर्यटनाने दिलेलं, पण उन्हात तो खडक खरोखर उजळतो. निवतीच्या टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वर टेकडी आणि कोळ्यांच्या होड्यांनी भरलेलं छोटं बंदर तिच्या कुशीत, ही रचना पाण्यावरूनच नीट समजते.

बहुतेक लोक मात्र येतात डॉल्फिनसाठी. आणि इथेच या सहलीची चव बिघडते किंवा जमते.

किनाऱ्याजवळ दिसतो तो कुबड असलेला डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूझा प्लम्बिया. पाठीच्या मध्यावर मांसल उंचवटा आणि त्यावर लहान पंख, ही त्याची खूण. हा उथळ पाण्यातला प्राणी आहे. वीस-पंचवीस मीटर खोलीच्या आत, नद्यांच्या तोंडांजवळ, बंदरांजवळ राहतो, कारण खाडीतून येणाऱ्या पोषक पाण्यावर मासा जमतो आणि तो माशामागे असतो. म्हणजे माणसांची होडी, जाळी, सांडपाणी आणि आवाज जिथे सगळ्यात जास्त, नेमका तोच पट्टा त्याच्या वाट्याला आला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. सिंधुदुर्गाच्या समुद्रात कोंकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने या डॉल्फिनचा आणि त्याच्याच पाण्यात राहणाऱ्या, पाठीला पंख नसलेल्या लाजाळू पोरपॉइजचा अभ्यास केला आहे. २०१५ मध्ये याच जिल्ह्यात कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा दिसल्याची नोंदही झाली. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी देवगडच्या आंब्यांपासून इतका जवळ येऊन जातो, ही गोष्ट मला अजून थरारून टाकते.

डॉल्फिन मासा नाही. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. खाली असताना तो आवाजाने बघतो: टकटक असे ध्वनी सोडतो आणि त्यांचे पडसाद ऐकून मासा, खडक, पिल्लू ओळखतो. इंजिनाचा आवाज या ऐकण्यावर पसरतो. पाच-सहा होड्यांनी एका कळपाला गोल घेतलं, एकमेकांना ओरडून ‘इकडे आला, इकडे आला’ म्हणत त्याच्यामागे धावल्या, तर तो श्वास घेण्याची आणि खाण्याची लय तोडून बुडी मारतो आणि लांब जातो. पिल्लू सोबत असलेल्या मादीला हे जास्त जड जातं. चांगला तांडेल काय करतो ते बघा. तो कळपाच्या समोर होडी घालत नाही. बाजूने, समांतर, हळू जातो, पन्नास-साठ मीटरवर थांबतो आणि गियर काढून होडी वाहू देतो. मग काही मिनिटं काहीच घडत नाही. होडीतली मुलं कंटाळतात, कुणीतरी ‘गेले वाटतं’ म्हणतं. आणि नंतर, बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा जवळ, फुस्सकन श्वास सुटल्याचा आवाज येतो आणि करडी पाठ चमकून जाते. लहान गटाचा फायदा इथे सगळ्यात ठळक दिसतो. आठ माणसं गप्प बसू शकतात. चाळीस माणसं गप्प बसत नाहीत.

यावरूनच एक विनंती. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ असा करार मागू नका. तो मागितला की होडीवाल्याला धावावंच लागतं. डॉल्फिन, प्रवाळ आणि समुद्री कासवं या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे. पुळणीवर सापडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणंही त्यात बसत नाही.

प्रवाळ पाहायचे असतात ते मालवणजवळ. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा समुद्र धरून १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्या वेळी स्थानिक मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं: पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं ते पाणी एका कागदाने परकं होण्याची भीती. या पाण्यातले प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपसारखे अफाट नाहीत. खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढलेले आहेत. तरी त्यांचं असणंच मोठं आहे, कारण पावसाळ्यात गढूळ, गोड्या पाण्याचे लोट त्यांच्यावरून जातात आणि प्रवाळाला स्वच्छ, खारं, उजेडाचं पाणी लागतं. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाणी जास्त तापलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. स्नॉर्केलिंग करणाऱ्याने त्यावर पाय ठेवला की वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. मासे जमवायला पाव टाकण्याची सवयही बंद व्हायला हवी; त्याने फक्त पाव खाणाऱ्या माशांची गर्दी वाढते. होडीवाल्याला एवढंच विचारावं: नांगर वाळूवर टाकणार ना?

वाटेत खडकांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर कुरव आणि सुरय बसलेले असतात. हिवाळ्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करून इथे आलेले असतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना शेवचिवडा फेकून होडीमागे उडवायचं आणि फोटो काढायचा, हा प्रकार आता फार वाढला आहे. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला तळलेलं खाऊ घालण्यात आपला कसला आनंद, ते मला कळत नाही. कड्यावरच्या झाडांवर नजर ठेवली तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसू शकतो. त्याचं काटक्यांचं अवाढव्य घरटं वर्षानुवर्षं त्याच झाडावर असतं.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी दोन शब्द. कानातला तोल सांभाळणारा अवयव ‘आपण हलतोय’ असं सांगतो आणि मोबाईलमध्ये बघणारे डोळे ‘नाही’ म्हणतात. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून क्षितिजाकडे किंवा किनाऱ्याकडे बघावं, होडीच्या मध्यावर बसावं कारण तिथे हलणं कमी असतं, इंजिनाच्या वासापासून दूर राहावं आणि रिकाम्या किंवा तुडुंब पोटी निघू नये. थोडं आलं चघळल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी घ्यावी लागते, ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नसतो.

सुरक्षेबद्दल मात्र दोन शब्दांत आटोपता येणार नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी वीस जणांची होडी बुडाली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. लहान होडीचा तोल माणसांच्या वजनावर असतो. सगळे खाली बसलेले असतील तर वजन पाण्याच्या पातळीजवळ राहतं आणि कलंडलेली होडी परत सरळ होते. डॉल्फिन डावीकडे दिसला म्हणून सगळे उठून डावीकडे धावले, तर वजन वरही जातं आणि बाजूलाही, आणि नेमक्या त्या क्षणी आडवी लाट आली तर सावरायला वेळ मिळत नाही. तांडेल ‘बसान रवा’ म्हणतो ते म्हणूनच. लाइफ जॅकेट अंगात असावं, बंद लावलेले असावेत, लहान मुलाला मुलाच्या मापाचं मिळावं. मोठं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मेरीटाईम बोर्डाचा परवाना आणि होडीवर लिहिलेली प्रवासीसंख्या पाहून घ्यावी. ‘अजून दोघं बसतील’ असं कुणी म्हटलं तर आपणच नको म्हणावं. होडीवाल्याने वारा बघून सहल रद्द केली तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो, तरी तो नाही म्हणतो आहे, यावरून काय ते समजून घ्यावं.

हे होडीवाले बहुतेक गाबीत समाजातले, मासेमारीवर वाढलेले. किनाऱ्यावर आजही सकाळी रापण ओढताना दिसते: अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं दोन टोकांनी धरून पंचवीस-तीस माणसं पुळणीवर खेचतात आणि मिळालेल्या मासळीची वाटणी होते. पर्ससीन जाळ्यांच्या आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने किनाऱ्याजवळचा मासा घटल्याची तक्रार या लोकांनी वर्षानुवर्षं केली. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण भांडण मिटलं नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि घराघरांत न्याहरी-निवास, होडी, स्कूबा असा दुसरा रोजगार उभा राहिला. म्हणून शक्य तिथे गावातल्या, स्वतः मासेमारी करणाऱ्या माणसाची होडी घ्यावी. पाण्याचा रंग बदलला की तो काही न बोलता दिशा बदलतो, आणि विचारलं तर त्या खडकाचं नाव, तिथे कुठला मासा लागतो आणि वाळू दोन वर्षांपूर्वी कुठे होती, हे सगळं सांगतो. भोगव्याला किंवा परत देवबागला कुणाच्या घरी जेवायला थांबलात तर बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी. तिसऱ्या याच खाडीत ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बायका गोळा करतात. परतताना त्या दिसतातच. त्यांच्या जवळून जाताना होडीचा वेग कमी करायला सांगावं.

निवतीच्या पलीकडे, बरंच आत समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या एकावर दीपगृह आहे आणि एका बेटाच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची वसाहत. या पाकोळ्या आपल्या लाळेने भिंतीला घरटी चिकटवतात आणि गुहेच्या अंधारात टकटक आवाज काढून वाट शोधतात, डॉल्फिन पाण्यात जे करतो तेच त्या हवेत करतात. घरट्यांना पूर्वेकडच्या देशांत सूपासाठी मोठी किंमत मिळते, त्यामुळे इथली घरटी चोरीला जात होती; चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वन विभागाला सोबत घेऊन ती चोरी थांबवण्यासाठी काम केलं. काही होडीवाले थोडे जास्त पैसे घेऊन ‘तिकडे’ नेण्याची तयारी दाखवतात. जाऊ नये. अंतर लांब आहे, वारा उठायच्या आत परत येणं अवघड आहे आणि त्या पक्ष्यांना माणूस नको आहे. निवतीच्या नाकावरून दुर्बिणीतून दीपगृह स्पष्ट दिसतं.

सहलीचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, कारण त्या काळात मासा अंडी घालतो आणि समुद्र खवळलेला असतो. होड्या तेव्हा माडांखाली ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, मग होड्या पाण्यात उतरतात, आणि सप्टेंबरात पहिल्या फेरीला निघणारा तांडेल आधी एकटाच संगमावर जाऊन वल्ह्याने खोली मोजून येतो, कारण पावसाळ्यात वाळू कुठे सरकली ते कुणालाच माहीत नसतं.